उसनं छप्पर

पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये घर सोडायची वेळ माणसाला ठरवता येत नाही. गोळीबाराचा आवाज डोंगरउतारावरून खाली येत राहतो आणि एका टप्प्यावर शेजारचं दार वाजतं. मुलं, म्हातारी माणसं, जन्मदाखले, हाताला लागेल ते भांडं घेऊन लोक बाहेर पडतात. मागं राहिलेलं घर पुष्कळदा लुटलं जातं, मग पेटवलं जातं. हैतीच्या राजधानीत कार्फूर-फेय, सोलिनो, मार्तिसाँ, सिते सोलेय अशा एकामागून एक वस्त्या गेल्या काही वर्षांत याच रीतीनं रिकाम्या झाल्या.

आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना या विस्थापितांची मोजदाद ठेवते. २०२३ संपताना देशात ३ लाख १५ हजारांच्या आसपास लोक घराबाहेर होते. वर्षभरात तो आकडा तिप्पट होऊन १० लाख ४१ हजारांवर गेला. जून २०२५ मध्ये तो १३ लाखांना टेकला आणि ऑक्टोबरमध्ये १४ लाखांवर पोहोचला. त्यांत निम्म्याहून जास्त मुलं आहेत. एकूण विस्थापित म्हणजे देशाच्या लोकसंख्येचा साधारण बारा टक्के हिस्सा. महाराष्ट्राला हेच प्रमाण लावलं तर सव्वा कोटीहून अधिक माणसं होतात.

एवढी माणसं जातात कुठं? छायाचित्रांत आपल्याला दिसतात त्या शाळा. वर्गातले बाक भिंतीला लावून मधल्या जागेत सतरंज्या आणि पुठ्ठे अंथरलेले, व्हरांड्यात चुली, मैदानात ताडपत्र्या. राजधानीच्या मध्यवर्ती शाँ द मार्स चौकाजवळच्या जुन्या रेक्स थिएटरात लोक राहिले, एका मंत्रालयाच्या सोडून दिलेल्या इमारतीत राहिले. देशभरात अशी दोनशेहून जास्त ठिकाणं आहेत. तिथली दुरवस्था खरीच आहे. शंभरदीडशे माणसांमागे एखादा संडास, पाऊस आला की रात्रभर उभं राहणं, आणि बायकांनी अंधार पडल्यावर पाणीसुद्धा कमी प्यायचं, म्हणजे बाहेर जावं लागू नये.

तरीही विस्थापितांचा मोठा भाग या ठिकाणी नाही. पाचांपैकी चार जण कुणाच्या तरी घरी आहेत. बहिणीकडे, चुलत्याकडे, आईच्या गावी, कधी एकेकाळच्या शेजारणीकडे. पाँ-साँदे या आर्तिबोनित खोऱ्यातल्या गावावर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्राँ ग्रीफ टोळीनं हल्ला करून शंभरावर माणसं मारली, तेव्हा सहा हजारांहून अधिक लोक पायी निघाले. त्यांतल्या बहुतेकांना जवळच्या सें-मार्क शहरातल्या कुटुंबांनी घरात घेतलं. मदतीचा पहिला ट्रक पोहोचायच्या आधीच त्या घरांत जेवणाची पानं वाढली होती.

या लेखात मला मुख्यतः या यजमान घरांविषयी लिहायचं आहे. हैतीतलं सगळ्यात मोठं मदतकार्य तीच घरं करतात आणि मदतीच्या हिशेबात सगळ्यात कमी तीच धरली जातात.

सें-मार्कमधली किंवा मध्य पठारावरच्या एँश गावातली दोन खोल्यांची एक जागा घ्या. पत्र्याचं छप्पर, मागं थोडं परसू, पाण्यासाठी सार्वजनिक नळ. घरात आधीच सहा माणसं, कमावतं एक. एके रात्री बहीण चार मुलांसह दारात उभी राहते. तिला परत पाठवायचा प्रश्नच नसतो. एकत्र परसाभोवती नात्यातली तीन-चार घरं, सामाईक झाड, सामाईक चूल, या रचनेला हैतीत लाकू म्हणतात आणि खेड्यात ती अजून टिकून आहे. तिथं आलेल्याला जागा द्यायची हा रिवाज आहे. पहिला आठवडा कर्तव्य म्हणून जातो. महिना झाला की तांदळाचा डबा खणखणू लागतो. तीन महिन्यांनी यजमानीण स्वतःच्या मुलांची शाळेची फी भरू शकत नाही. हैतीतल्या बहुसंख्य शाळा खासगी आहेत, फी चुकली की मूल घरी बसतं. बियाण्यासाठी ठेवलेलं धान्य शिजतं, शेळी विकली जाते. सहा महिन्यांनी दोन्ही कुटुंबं सारखीच कफल्लक होतात, आणि यादीत विस्थापित म्हणून नाव मात्र एकाच कुटुंबाचं असतं.

ताण वाढला की एखादं मूल शहरातल्या परक्या घरी कामाला पाठवलं जातं. रेस्ताव्हेक म्हणतात अशा मुलांना. खायला-प्यायला आणि शाळा मिळेल या आशेवर पाठवलेलं हे मूल पाणी भरतं, भांडी घासतं आणि बहुधा शाळेचं तोंड पाहत नाही. ही जुनी चाल आहे, आणि विस्थापनानं तिला नवं खाद्य मिळतं. दुसरीकडे टोळ्या टपलेल्याच असतात. युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे हैतीतल्या टोळ्यांत निम्म्यापर्यंत मुलं आहेत, आणि २०२४ मध्ये एका वर्षात मुलांची भरती ७० टक्क्यांनी वाढली. निरोप्या, टेहळ्या, मग हातात बंदूक. मुलांवरचे लैंगिक अत्याचार २०२३ ते २०२४ या काळात दहा पटींनी वाढल्याचं त्याच संस्थेनं नोंदवलं आहे. यजमान घराला वेळेवर दिलेली पन्नास-शंभर डॉलरची मदत कुठली साखळी तोडते, ते यावरून समजावं.

या टोळ्या अचानक उगवलेल्या नाहीत. १९९५ मध्ये हैतीचं सैन्य बरखास्त झालं, पोलिस दल कायम अपुरं राहिलं, आणि राजकारण्यांना व धनिकांना निवडणुकीपुरती, बंदरापुरती, गोदामापुरती माणसं लागत होती. वस्त्यांतल्या तरुणांना त्यांनी पैसे आणि बंदुका दिल्या. हैतीत बंदुकांचा कारखाना नाही. त्या मुख्यतः अमेरिकेतून, विशेषतः फ्लोरिडातून, जहाजांच्या मालात लपून येतात. पुढं अपहरण आणि रस्त्यावरची वसुली यांतून टोळ्यांना स्वतःचं उत्पन्न मिळालं आणि मालकांची गरज संपली. ७ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईज यांची त्यांच्या घरात हत्या झाली. त्यानंतर देशात निवडून आलेलं सरकार राहिलं नाही.

२९ फेब्रुवारी २०२४ ला एकमेकींच्या वैरी असलेल्या टोळ्या 'विव आन्सान्म' या नावाखाली एकत्र येऊन राजधानीवर तुटून पडल्या. या युतीचा चेहरा म्हणजे जिमी शेरिझिए, पूर्वीचा पोलिस. पंतप्रधान एरियल आँरी तेव्हा केनियात होते. ते परत येऊ शकले नाहीत आणि पुढं त्यांना पद सोडावं लागलं. दोन तुरुंग फोडले गेले, हजारो कैदी पळाले, विमानतळ काही काळ बंद पडला. त्याच मार्चमध्ये भारत सरकारनं 'ऑपरेशन इंद्रावती' राबवून बारा भारतीयांना हेलिकॉप्टरनं शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेलं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत हैतीचं नाव बऱ्याच काळानं आलं ते तेवढ्यापुरतं. ज्यांना न्यायला कुणाचं हेलिकॉप्टर येणार नव्हतं त्यांची बातमी तिथून पुढं सुरू होत होती.

आज राजधानीचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग टोळ्यांच्या हातात आहे. शहरातून उत्तरेला, दक्षिणेला आणि पूर्वेला जाणारे तिन्ही हमरस्ते त्यांच्या नाक्यांखालून जातात. प्रत्येक नाक्यावर बसकडून, ट्रककडून, फळांच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाईकडूनही वसुली होते. खेड्यातला शेतमाल शहरात आणणाऱ्या बायकांना तिथं मदान सारा म्हणतात. देशाचं पोट या बायकांच्या डोक्यावरच्या ओझ्यावर चालतं. आता त्यांना एकाच फेरीत अनेकदा पैसे मोजावे लागतात, काहींचा माल लुटला जातो, काहींवर बलात्कार होतात. बाजारात तांदूळ आणि केळी महागतात ती या वाटेवरच.

मदत संस्थांनाही याच रस्त्यांवरून जायचं असतं. १४ ऑगस्ट २०२१ च्या भूकंपात देशाच्या दक्षिण टोकाला २,२०० हून अधिक माणसं गेली. राजधानीतून तिकडं जाणारा एकच मोठा रस्ता, आणि तो मार्तिसाँ वस्तीतल्या टोळीयुद्धामुळं दोन महिन्यांपासून बंद होता. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सनं तिथलं पंधरा वर्षं चालवलेलं रुग्णालय त्याच जूनमध्ये बंद केलं होतं. ढिगाऱ्याखालच्या माणसांसाठी निघालेल्या ट्रकांना वाट मिळावी म्हणून टोळ्यांशी बोलावं लागलं. तेव्हापासून हे बोलणं हा कामाचा भागच झाला आहे. एखाद्या वस्तीत लस, पाणी किंवा तांदूळ न्यायचा तर तिथल्या म्होरक्यापर्यंत निरोप पोहोचवायचा, दिवस आणि वेळ सांगायची, पैसे द्यायचे नाहीत आणि तरी माणसं जिवंत परत आणायची. मे २०२५ मध्ये अमेरिकेनं विव आन्सान्म आणि ग्राँ ग्रीफ यांना दहशतवादी संघटना ठरवलं. टोळ्यांना ते नाव शोभतंच. पण त्यामुळं त्यांच्या इलाख्यात पाणी पोहोचवणाऱ्या कार्यकर्त्याच्या डोक्यावर दहशतवाद्यांना साहाय्य केल्याच्या आरोपाची टांगती तलवार आली. टोळीच्या ताब्यातल्या वस्तीत राहणारी बाई टोळीची नसते, ती तिथं अडकलेली असते. हा फरक कायद्यानं स्पष्ट शब्दांत मान्य केला पाहिजे.

११ नोव्हेंबर २०२४ ला पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उतरणाऱ्या प्रवासी विमानाला गोळ्या लागल्या आणि अमेरिकी विमानांनी राजधानी सोडली. मग माणसं, औषधं आणि रक्तपिशव्या यांच्यासाठी जागतिक अन्न कार्यक्रम चालवत असलेली हेलिकॉप्टर सेवा हाच मोठा आधार उरला. हेलिकॉप्टरनं तांदूळ नेणं किती महाग पडतं हे सांगायला नको. मदतीचे डॉलर असे पंख्याच्या वाऱ्यात उडतात.

म्हणून अन्न देशातच विकत घेणं हा सगळ्यात शहाणा मार्ग ठरतो, आणि इथं हैतीची एक जुनी जखम आहे. आर्तिबोनित खोरं हे देशाचं भाताचं कोठार. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय दबावाखाली आयात तांदळावरचं शुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं आणि अमेरिकेतला अनुदानित तांदूळ बाजारात ओतला गेला. भातशेती खचली, शेतकऱ्यांची मुलं पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्ट्यांत आली. बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढं हे धोरण चुकीचं असल्याची जाहीर कबुली दिली. आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांचं त्यात भलं झालं, हैतीचं नाही. त्या झोपडपट्ट्यांतच टोळ्यांना पोरं मिळाली, आणि आज त्याच टोळ्या आर्तिबोनितच्या बांधांवर उभ्या राहून पीक आणि पाट ताब्यात घेतात.

मार्च ते जून २०२५ या काळात ५७ लाख हैतीवासी तीव्र अन्नटंचाईत होते, म्हणजे निम्मा देश. विस्थापितांपैकी ८,४०० जण उपासमारीच्या शेवटच्या, पाचव्या पायरीवर होते.

जागतिक अन्न कार्यक्रमानं स्थानिक संस्थांच्या स्वयंपाकघरांतून नव्यानं विस्थापित झालेल्यांना गरम जेवण पोहोचवलं. भात, घेवड्याची आमटी, कधी मासा. चूल नसलेल्या माणसाला कच्चा तांदूळ देऊन काय उपयोग? हे जेवण रांधणाऱ्या बायका बऱ्याचदा स्वतः विस्थापित असतात, त्यांना मजुरी मिळते, भाजी जवळच्या शेतकऱ्याकडून येते. शालेय आहारासाठीही स्थानिक शेतकऱ्यांकडून खरेदी वाढवण्यात आली. मोबाइलवरच्या मोनकॅशसारख्या सेवेतून रोख रक्कम देणं हा तिसरा मार्ग. बाजार जिवंत असेल तिथं रोख पैशाइतकी चांगली मदत नाही, कारण यजमान घराला आधी काय हवं आहे, औषध, फी की पत्रा, हे त्या घरालाच कळतं. २०२५ च्या शरदात पैसा आटला आणि अन्न कार्यक्रमाला गरम जेवण थांबवावं लागलं, शिधा निम्मा करावा लागला.

आरोग्याची कथा मध्य विभागातल्या मिरबाले गावापाशी येऊन थांबते. २०१० च्या भूकंपानंतर झान्मी लासांते या हैतीतल्या संस्थेनं आणि तिच्या पार्टनर्स इन हेल्थ या सहयोगी संस्थेनं तिथं तीनशे खाटांचं शिक्षण रुग्णालय उभारलं. २०१३ मध्ये ते सुरू झालं. सौरऊर्जेवर चालणारं, हैतीचेच डॉक्टर आणि परिचारिका घडवणारं. राजधानीतलं सरकारी रुग्णालय २०२४ च्या हल्ल्यांत बंद पडलं; त्याच वर्षी २४ डिसेंबरला ते पुन्हा उघडण्याच्या कार्यक्रमावरच गोळीबार होऊन दोन पत्रकार आणि एक पोलिस ठार झाले. अशा वेळी मिरबाले हाच आसरा होता. ३१ मार्च २०२५ ला टोळ्यांनी मिरबाले गावावर हल्ला केला, आणि एप्रिलमध्ये रुग्णालय रिकामं करावं लागलं. सहा महिन्यांत त्या मध्य विभागातल्या विस्थापितांची संख्या दुपटीहून अधिक झाली. जे गाव कालपर्यंत राजधानीतल्या नातेवाइकांना आसरा देत होतं, त्याच गावच्या माणसांना गाठोडी बांधावी लागली. एकाच कुटुंबानं दोनदा, तीनदा विस्थापित होणं हैतीत आता नवलाचं नाही.

मदतीविषयी हैतीच्या माणसाच्या मनात अढी आहे, आणि ती साधार आहे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात दोन लाखांहून अधिक माणसं मेली, पंधरा लाख बेघर झाली. जगानं हात सैल सोडला, पण हैतीच्या सरकारच्या आणि संस्थांच्या हातात त्यातलं फार थोडं पडलं. अमेरिकन रेड क्रॉसनं जवळपास ५० कोटी डॉलर जमवले. २०१५ मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआरच्या पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा त्यातून बांधलेली कायमची घरं सहा निघाली. भूकंपाच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, मिरबालेजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावरून नेपाळी शांतिसैनिकांचं मैलापाणी नदीत गेलं आणि देशात कॉलरा शिरला. जवळपास दहा हजार माणसं दगावली. आपल्या जबाबदारीचा काही अंश मान्य करून माफी मागायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ चा डिसेंबर उजाडला. निळी टोपी किंवा संस्थेचं बोधचिन्ह पाहून हैतीतली म्हातारी बाई हात आखडता घेते, त्यामागं हा सगळा अनुभव आहे.

तरीही मदत नको असा याचा अर्थ मी काढत नाही. हैतीच्या शेतकऱ्यांत कोंबित नावाची प्रथा आहे, आपल्या इर्जिकेसारखी: सगळ्यांनी मिळून एकाचं शेत नांगरायचं, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं. वस्त्यांतली तरुण मंडळं, चर्चची स्वयंपाकघरं, शेतकरी संघ, बायकांचे भिशीचे गट याच रीतीनं चालतात. ज्या संस्थांनी त्यांना हाताशी धरलं त्यांची कामं गोळीबारातही चालू राहिली, कारण रस्ता बंद झाला तरी ती माणसं तिथंच राहत होती. सीमेवर डॉमिनिकन रिपब्लिकमधून हाकलून दिलेल्यांना उतरवून घेणारे, पाणी देणारे, फोन लावून देणारे कार्यकर्तेही बहुतांश हैतीचेच. २०२४ मध्ये तिकडून दोन लाखांच्या आसपास माणसं परत पाठवली गेली. त्यांतल्या कित्येकांचं मूळ घर टोळीच्या ताब्यात. म्हणजे देशात पाऊल टाकलं तेच विस्थापित म्हणून.

आता पैशाचं बोलू. २०२५ साठी संयुक्त राष्ट्रांनी हैतीतल्या ३९ लाख लोकांकरिता ९० कोटी ८० लाख डॉलर मागितले. माणशी वर्षाला सुमारे २३३ डॉलर. वर्ष अर्ध्यावर आलं तेव्हा दहा टक्केही जमले नव्हते. जगातल्या मोठ्या आवाहनांत सर्वांत कमी प्रतिसाद मिळालेल्यांपैकी हे एक. अमेरिकेनं आपली परदेशी मदत यंत्रणा त्याच वर्षी मोडीत काढली, त्याचा फटका इथं थेट बसला. सुरक्षेसाठी केनियाच्या नेतृत्वाखालचं पथक जून २०२४ पासून येऊ लागलं, पण ठरलेल्या २,५०० पैकी हजारच्या आसपासच माणसं पोहोचली. ३० सप्टेंबर २०२५ ला सुरक्षा परिषदेनं साडेपाच हजारांच्या नव्या दलाला मंजुरी दिली. बंदुकांसाठी ठराव होतात. तांदळासाठी झोळी फिरवावी लागते.

आणि याच काळात परदेशात राबणारे हैतीवासी घरी वर्षाला ४०० कोटी डॉलरच्या आसपास पाठवत होते. संयुक्त राष्ट्रांनी मागितलेल्या रकमेच्या चौपटीहून अधिक. मायामीत इस्पितळात साफसफाई करणारी, बॉस्टनमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी, मॉन्ट्रियलमध्ये टॅक्सी चालवणारी माणसं महिन्याला शंभर-दोनशे डॉलर पाठवतात, आणि सें-मार्कमधल्या त्या यजमान घरातला तांदूळ त्यावर येतो. या माणसांचं अमेरिकेतलं तात्पुरतं संरक्षण काढून घ्यायचे प्रयत्न २०२५ मध्ये सुरू झाले, आणि रोखीनं पैसे पाठवण्यावर जानेवारी २०२६ पासून एक टक्का कर आला. एका बाजूनं मदत कापायची, दुसऱ्या बाजूनं मदत करणाऱ्या नातेवाइकाला घालवून द्यायचं, हे उघड अन्यायाचं आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये शेरिझिएनं सोलिनोच्या लोकांना आता परत या म्हणून सांगितलं. काही लोक गेले. छपरं नव्हती, दारं-खिडक्या उपटून नेलेल्या, तारा ओढून काढलेल्या, भिंती काळ्या. कुणी विटा गोळा करून ठेवल्या, कुणी आपल्या घराची जागा निदान पायांनी मोजून घेतली. पुष्कळ जण संध्याकाळपूर्वी निवाऱ्यात परतले, कारण ज्यांनी पेटवलं त्यांच्याच शब्दावर मुलांना तिथं झोपवायचं कसं? परतणं हाच शेवटचा उपाय असं सगळे म्हणतात. पण त्यासाठी वस्तीत पोलिस ठाणं लागेल, घराचा कागद लागेल, पत्रा आणि सिमेंट लागेल, जवळ शाळा लागेल. यांतलं काहीही तांदळाच्या पोत्यात येत नाही. तोवर यजमान घरांवरचा भार हलका करणं एवढं तरी हातात आहे: विस्थापितांच्या यादीत यजमानाचंही नाव घालावं, रोख रक्कम दोन्ही कुटुंबांना द्यावी, मुलांची फी थेट शाळेला भरावी, आणि अन्न शक्य तितकं जवळच्या शेतातून घ्यावं.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी कुणी हैतीसाठी किंवा अशाच कुठल्याही दूरच्या विस्थापितांसाठी पैसे पाठवणार असतील, तर जरूर पाठवावेत. फक्त ज्या संस्थेला देणार तिला आधी दोन प्रश्न विचारावेत. यातले किती पैसे तिथल्याच माणसांच्या संस्थांकडे जातात? आणि ज्या घरानं या लोकांना आसरा दिला, त्या घराला त्यातून काय मिळतं? सरळ उत्तर मिळालं तर देणगी त्याच दिवशी द्यावी.